सत्काराला गेलेल्या मिरच्या

माझी सगळी नोकरी दुसऱ्यांची भाषणं लिहिण्यात गेली. सरकारी खात्यात माझ्या पदाचं नाव वेळोवेळी बदललं, काम तेच राहिलं: साहेबांना उद्या काय वाटणार आहे ते आज लिहून ठेवायचं. एका साहेबांनी खाडीवरच्या पुलाचं उद्घाटन केलं, तेव्हा हा पूल मनं जोडणारा आहे असं मी लिहिलं. पुढच्या साहेबांनी तोच पूल दुरुस्तीसाठी बंद केला, तेव्हा विकासालाही क्षणभर थांबून श्वास घ्यावा लागतो, हेही मीच लिहिलं. दोन्ही वेळा टाळ्या पडल्या. तेव्हापासून टाळ्यांबद्दल माझं मत फारसं चांगलं नाही.

निवृत्तीनंतर मी जुईनगरच्या फ्लॅटवर राहायला आलो. मुलगा मालवाहू जहाजावर असतो, वर्षातला बराच काळ पाण्यावर. त्यामुळे घरात माणसं दोन, मी आणि माझी सून. ती जवळच्याच एका कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवते. शिकवते म्हणजे तासिका तत्त्वावर शिकवते. जेवढे तास उभी राहील तेवढ्यांचेच पैसे, सुट्टी लागली की तिचं ज्ञानही सुट्टीवर. कायम करण्याबद्दल विचारलं की संस्थेकडून वर्षानुवर्षं एकच उत्तर यायचं: "पीएच.डी. होऊ द्या, मग बघू." या वाक्यातला 'बघू' माझ्या ओळखीचा होता. मी तो कित्येक साहेबांच्या तोंडी घातला होता.

तर पीएच.डी. चालू होती. विषय असा की मिरचीच्या झाडात शिरलेला विषाणू पानातल्या हरितलवकांच्या प्रथिनांशी नेमकं काय करतो. मी कलाशाखेचा माणूस. हरितलवक म्हणजे पानाला हिरवं करणारे बारीक कण, इथपर्यंतच माझी मजल. पुढचं तिने मला एका संध्याकाळी गवार मोडता मोडता समजावलं.

"बाबा, विषाणूकडे स्वतःचं काहीच नसतं. चूल नाही, भांडी नाहीत, राबायला माणूस नाही. नुसती एक चिठ्ठी असते आणि तिच्याभोवती प्रथिनाचं आवरण. तो पेशीत शिरतो आणि तिथल्याच यंत्रणेकडून स्वतःच्या हजारो प्रती काढून घेतो."

"म्हणजे आमचे उद्घाटनाचे पाहुणे."

"तुम्हाला सगळीकडे पाहुणेच दिसतात." तिने गवारीची शीर ओढून काढली. "आणि ते पाहुणे निदान जेवून जातात. हा जात नाही. शिवाय हा आल्या आल्या घंटा बंद करतो."

घंटेचं प्रकरण मला नवीन होतं. हरितलवक म्हणजे झाडाचं स्वयंपाकघर, उन्हावर साखर शिजवणारं, एवढं शाळेत शिकलो होतो. पण ती म्हणाली, शत्रू शिरला की धोक्याचा इशारा जिथून उठतो त्यांपैकी एक जागा तीच. आणि हरितलवकाला लागणारी बरीचशी प्रथिनं तिथे तयार होतच नाहीत. ती बाहेर, पेशीच्या मोकळ्या भागात बनतात आणि अंगावर पत्ता लावून दारापर्यंत येतात. आत घेताना तो पत्ता कापून टाकला जातो. या येणाऱ्यांत एक लोखंड बाळगणारं छोटं प्रथिन असतं. ते आत पुरेसं असलं तर झाड विषाणूला बऱ्यापैकी रोखून धरतं. विषाणू लागलेल्या झाडात मात्र ते कमी झालेलं दिसतं.

"मग ते जातं कुठे?"

"तेच तर शोधतेय. विषाणू आत घुसून त्याला मोडतो, का बाहेर दारातच त्याचा हात धरून ठेवतो? मला वाटतं, दारातच."

मला वाटलं, एवढ्यासाठी इतकी वर्षं? पण मी पुलांवर किती वर्षं घालवली हे आठवून पुढची शेंग उचलली.

कॉलेजच्या गच्चीवर एका कोपऱ्यात तिने हिरव्या जाळीचा एक मांडव उभारून घेतला होता. त्याखाली कुंड्यांच्या दोन रांगा: एक निरोगी मिरच्यांची, दुसरी मुद्दाम विषाणू लावलेल्यांची. दोन्हींत बरंच अंतर, पण सावली तीच, माती तीच, पाणी तेच. सुट्टीच्या दिवशी पाणी घालायचं काम माझ्याकडे. मला आत जायच्या आधी साबणाने हात धुवायला लागत, निरोगी रांग आधी आणि आजारी नंतर असा क्रम पाळावा लागे, आणि तंबाखू मळणाऱ्या माणसाला तर दारातूनच हाकललं जाई. हा विषाणू तंबाखूवर पडणाऱ्या विषाणूच्या भावकीतला. त्याला उडायला माशी लागत नाही, चावायला किडा लागत नाही. पानाला लागलेलं बोट दुसऱ्या पानाला लागलं की झालं त्याचं काम.

त्या वेळी तिच्याकडे दिवस थोडे उरले होते. नोंदणीची वाढवून घेतलेली मुदत संपत आली होती. मार्गदर्शक निवृत्तीला टेकले होते. आजारी झाडांची नवी पानं आता हव्या त्या वयाला आली होती आणि सोमवारी सकाळी ती ताजी खुडून, बर्फाच्या डब्यात घालून, दुसऱ्या एका संस्थेच्या प्रयोगशाळेत न्यायची होती. तिथलं यंत्र महिनोन्‌महिने आधी मागून ठेवावं लागतं. हा शेवटचा प्रयोग झाला की प्रबंध पूर्ण. नाही झाला तर पुन्हा बी पेरण्यापासून सुरुवात, आणि तेवढी मुदत कुणी देईल तर.

सोमवारच्या आधी शनिवार आला.

शनिवारी कॉलेजात 'हरित संकल्प कक्षा'चं उद्घाटन होतं. हा कक्ष म्हणजे पूर्वीची मोडक्या बाकांची खोली. तिला आता रंग लावून, एसी बसवून, भिंतीवर प्लास्टिकची वेल चढवली होती. पाहुणे तीन: संस्थेचे अध्यक्ष, एक स्थानिक नेते आणि एक निवृत्त अधिकारी, ज्यांना पत्रिकेत 'पर्यावरणतज्ज्ञ' म्हटलं होतं. पाहुण्यांचे परिचय लिहून द्यायला मला सांगितलं गेलं. कसलेल्या बैलाने जुन्या रस्त्याला लागावं तसा मी लागलो. तज्ज्ञांनी आयुष्यात नेमकं काय केलं हे मला कळलं नाही, म्हणून 'निसर्गाशी त्यांचं नातं शब्दांपलीकडचं आहे' असं लिहून मोकळा झालो.

आमच्याकडे हल्ली सत्काराला पुष्पगुच्छ देत नाहीत. रोप देतात. कुंडीला सोनेरी कागद गुंडाळायचा, कुंडी पाहुण्याच्या हातात द्यायची, पण आपणही सोडायची नाही. दोघांनी चार हातांनी ती धरून फोटोवाल्याकडे बघत राहायचं. फोटो झाला की रोप खुर्चीमागे जातं. तिथून पुढे त्याचं काय होतं हा विषय कुठल्याही भाषणात येत नाही.

स्वागत समितीचे प्रमुख कॉमर्सचे एक सर होते. उत्साही गृहस्थ. त्यांनी रोपवाटिकेला रोपं सांगितली होती, पण रोपांचा टेम्पो उरण रस्त्यावर कंटेनरच्या रांगेत अडकला. पाहुणे खाली चहा घेत होते. सर घामाघूम होऊन सगळ्या मजल्यांवर फिरले आणि शेवटी गच्चीवर पोचले. सुनेला ते विचारू शकले असते, पण तिची नेमणूक फाटकाजवळ गाड्या लावण्याच्या देखरेखीवर होती. तासिका तत्त्ववाल्यांना व्यासपीठाच्या जवळची कामं देत नाहीत.

मी पहिल्या रांगेत बसलो होतो. सूत्रसंचालिका म्हणाली, "आणि आता मान्यवरांना आपल्याच महाविद्यालयाच्या अंगणात वाढलेलं रोप!" सोनेरी कागदातली कुंडी पुढे आली. मी ती पानं ओळखली. मी त्यांना पाणी घातलं होतं. गर्द हिरव्यावर फिकट पिवळी ठिगळं, जणू कुणी रंगकाम अर्धवट सोडून जेवायला गेलंय.

अध्यक्ष ते पान अंगठा आणि बोटात धरून चोळत होते. "वा! असा कलर कधी बघितला नाही."

"स्पेशल व्हरायटी आहे, सर," कॉमर्सचे सर माइकमधून म्हणाले. टाळ्या पडल्या.

मी उठून फाटकाकडे गेलो. सून एका गाडीला मागे घ्यायला हात करत होती. मी सांगितलं. तिचा हात तसाच वर राहिला, त्यामुळे ती गाडी मागे मागे जात कुंपणाला टेकली.

आम्ही सभागृहात पोचलो तोवर आभारप्रदर्शन संपून लोक वड्यांकडे वळले होते. आजारी रांगेतल्या बाकीच्या कुंड्या तीन गाड्यांमध्ये वाटून भरल्या गेल्या होत्या, कारण एकेकाला एकच रोप देणं सरांना कंजूसपणाचं वाटलं. गाड्या गेल्या होत्या.

"मॅडम, थँक्यू हां," सर वडा खात म्हणाले. "तुमच्या झाडांनी इज्जत वाचवली. मी बरोबर निवडली. साधी हिरवी होती ती तशीच ठेवली, ही रंगीत तेवढी घेतली."

"सर, ती आजारी होती."

"अरे बापरे. बघून वाटत नाही हो. चांगली तजेलदार होती."

"त्यांच्यावर लेबलं होती. तारखा होत्या."

"ती काढली ना! फोटोत फार बरं दिसत नव्हतं ते." मग तिच्या चेहऱ्याकडे बघून त्यांचा घास थांबला. "टेन्शन घेऊ नका, मॅडम. परत मागून घेऊ. रोपं कोण ठेवतंय?"

या शेवटच्या वाक्याइतकं सत्य त्या दिवशी व्यासपीठावरून कुणी बोललं नव्हतं.

रविवारी सकाळी आम्ही निघालो. बरोबर बर्फाचा डबा, साबण आणि कचऱ्याच्या काळ्या पिशव्या. पिशव्या कशाला, हे मी विचारलं नाही.

नेत्यांचं जनसंपर्क कार्यालय सानपाड्याला. दार उघडणाऱ्या कार्यकर्त्याने रोपांचं नाव ऐकताच आम्हाला मागच्या बोळात नेलं. "कुठलं पाहिजे ते घ्या. साहेबांना रोज येतात." भिंतीला टेकून सत्काराची रोपं उभी होती, सगळी सोनेरी नाहीतर चंदेरी कागदात, सगळी वाळलेली. तुळशी होत्या, आंबे होते, कुणीतरी कौतुकाने दिलेलं चंदन होतं. कागद मात्र सगळ्यांचे चकचकीत. आमच्या कुंड्या पुढेच होत्या, कारण त्या कालच्या. आदल्या दिवशीची सगळी दुपार त्यांनी तापलेल्या भिंतीशी काढली होती. पानं खाली मान घालून होती.

सुनेने एक पान उजेडात धरून पाहिलं आणि डबा उघडलाच नाही. "बाबा, ऊन लागलंय यांना. जाळीखालची ती निरोगी झाडं सावलीत, आणि ही उघड्यावर. उन्हाच्या माऱ्याने हरितलवकात आपोआप बदल होतात. आता जे दिसेल ते विषाणूने केलं का उन्हाने, मी कशावरून सांगू?"

तिने झाडं उपटून पिशवीत घातली, तोंड बांधलं, हात धुतले. कार्यकर्ता बघत होता. "मॅडम, बाकीची पण न्या ना," तो म्हणाला. "सफाईवाला शिव्या देतो."

पर्यावरणतज्ज्ञ पाम बीच रस्त्यावरच्या उंच इमारतीत राहतात. त्यांनी इंटरकॉमवरून सांगितलं की त्यांना मातीची अ‍ॅलर्जी आहे, म्हणून रोपं त्यांनी लगेच ड्रायव्हरला देऊन टाकली. ड्रायव्हर दिघ्याला. आम्ही दिघ्याला गेलो. डोंगराच्या कडेला चढत गेलेली घरं, त्यांतल्या एका घराच्या ओट्यावर आमच्या कुंड्या रांगेत मांडलेल्या, सोनेरी कागद घडी करून खिडकीत ठेवलेला. ड्रायव्हरची बायको साताऱ्याकडची. तिने आम्हाला आत बोलावलं, पाणी दिलं आणि अभिमानाने म्हणाली, "लई मरगळली हुती ओ. सगळी पिवळी पिवळी पानं होती ती खुडून टाकली म्या. आता बगा कशी ताजी दिसत्यात."

खरंच ताजी दिसत होती. ज्यासाठी आम्ही शहर पालथं घालत होतो ते सगळं तिने कचऱ्यात टाकलं होतं. त्या दिवसात त्या रोपांची काळजी घेतलेली ती एकटीच. सुनेने तिला झाडं आजारी आहेत, शेजारच्या डब्यातल्या टोमॅटोलाही लागेल, असं सांगितलं. बाई पटकन म्हणाली, "मग न्या, न्या. पर कुंड्या ऱ्हाऊ द्याल का?" कुंड्या साबणाने घासून राहू दिल्या.

रिक्षात कॉमर्सच्या सरांचा फोन आला. स्पीकरवर होता. "मॅडम, मिळाली का? नसतील मिळाली तर एक सांगू? जी हिरवी उरलीत त्यांनाच जरा... म्हणजे चार पानं इकडची, चार तिकडची. कोण बघतंय?"

"मी बघतेय, सर," ती म्हणाली आणि फोन बंद केला.

मग तिने रिक्षावाल्याला स्टेशनकडे घ्यायला सांगितलं. सोमवारचा प्रयोग गेला हे तिने सानपाड्यालाच मान्य केलं होतं, मला आता कळलं. आता एकच वाट होती: विद्यापीठाकडून आणखी मुदत. ती संस्थेच्या शिफारशीशिवाय मिळत नाही. शिफारस करतात अध्यक्ष. आणि आम्ही अध्यक्षांकडेच निघालो होतो, त्यांना भेट मिळालेलं झाड उपटायला.

"उपटायलाच हवं का?" मी विचारलं. "तुझा प्रयोग तर गेलाच. एखादं झाड राहिलं तर..."

"त्यांची उरणला मिरचीची वाडी आहे, बाबा. काल ते पान चोळत होते."

मी खिशातून कागद काढला. सवयच तशी. उरणच्या गाडीत बसल्या बसल्या मी एक वाक्य तयार केलं: 'आपल्या पवित्र हस्ते स्वीकारलेल्या या रोपाला संशोधनाच्या व्यापक सेवेसाठी पुन्हा सामावून घेण्याची परवानगी असावी.' तिला वाचून दाखवलं. ती म्हणाली, "यात आजारी कुठेय?" मी म्हटलं, "ते 'व्यापक'मध्ये आहे."

अध्यक्षांची वाडी गावाच्या टोकाला. तिन्ही बाजूंनी कंटेनरच्या थप्प्या आल्यात, मधे हा हिरवा चौकोन. फाटकाशी त्यांचे स्वीय सहायक भेटले. त्यांचा चेहरा कायम शेजारी कुणीतरी झोपलंय असा असतो.

"साहेबांनी काल संध्याकाळीच स्वतःच्या हाताने लावलं," ते हळू आवाजात म्हणाले. "पाटीपण लागली." लागली होती. काळ्या दगडावर अध्यक्षांचं नाव, खाली 'यांच्या शुभहस्ते वृक्षारोपण', आणि दगडाच्या सावलीत आमचं एक ठिगळांचं मिरचीचं रोप. मिरचीला वृक्ष म्हणणं मलाही सुचलं नसतं. "मॅडम, एक रिक्वेस्ट. साहेबांसमोर 'रोग' शब्द नका काढू. त्यांना आवडत नाही."

अध्यक्ष बनियन आणि लुंगीत, हातात तोडलेल्या मिरच्यांची टोपली घेऊन आले. व्यासपीठावर दिसतात त्याहून बुटके आणि जास्त चपळ. पाटीजवळचं झाड कुरवाळून ते शेजारच्या ओळीतल्या झाडांचे शेंडे बघत चालले होते, एकेकाला हात लावत. मी खाकरलो. कागद उघडला. 'आपल्या पवित्र हस्ते' एवढंच बोलून झालं होतं.

"साहेब, त्याला हात लावू नका," सून म्हणाली. "ते झाड आजारी आहे. मीच आजारी पाडलंय, अभ्यासासाठी. चुकून तुम्हाला दिलं गेलं. आणि आता तुमच्या हातांनी या ओळीलाही लागलं असणार."

सहायकाने डोळे मिटले. मी कागदाची घडी घातली.

अध्यक्षांनी आधी झाडाकडे, मग ओळीकडे, मग स्वतःच्या हातांकडे पाहिलं. मग ते बोलले तेव्हा सभेतली भाषा गळून पडली होती.

"माजे हातानी?"

"हो."

"बाय, ही मिरची माजे बापाची हाय. मिठागरावरून येऊन रोज पानी घालायचा तो. बी मी अजून तेच लावतंय." त्यांनी टोपली खाली ठेवली. "मना कोनी सांगला नाय. एवढे लोक व्हते काल."

"काल सांगायला मी पोचले नाही. मी फाटकावर होते."

"कशाला?"

"गाड्या लावायला."

अध्यक्ष सहायकाकडे वळले. सहायक झाडांकडे बघू लागले.

"मग आता करायचा काय?"

"हे झाड आणि ही जवळची ओळ उपटायची. जाळायची. लांबच्या ओळींना तुम्ही हात लावलाय का?"

"अजून नाय."

"मग त्या वाचतील. आधी हात धुवा. आणि ओल्या हातांना साय काढलेलं दूध लावा. दुधातलं प्रथिन विषाणूला अडवतं, पानात शिरू देत नाही. यापुढेही मिरचीत काम करताना दूध जवळ ठेवा."

घरातून पातेलं आलं. अध्यक्षांनी दोन्ही हात मनगटापर्यंत त्यात बुडवले आणि डोळे मिटून उभे राहिले, का ते मला माहीत नाही. सहायकांना मात्र इतक्या वेळाने ओळखीचं काहीतरी दिसलं. त्यांनी मोबाइल काढला. "साहेब, थोडं इकडे बघा. दुग्धाभिषेक का लिहू?"

"गप रे," अध्यक्ष म्हणाले. पण त्यांनी बघितलं.

गाडीच्या डिकीत पडून असलेली बाकीची रोपं सुनेने पिशवीत घातली, आणि ती ओळ त्यांनी स्वतः उपटली. सून सांगत होती तसं, मुळासकट, झाडं न झटकता. फळं धरलेली झाडं होती. एकेक करून ती पिशव्यांत गेली. दगडाची पाटी जागेवर राहिली, तिच्यापुढे उकरलेली माती. पाटी काढायची का, असं सहायकांनी विचारलं, तर म्हणाले, "ऱ्हाऊ दे. पुढे कायतरी लावू."

निघताना मी मुदतवाढीचा विषय काढला. सून माझ्याकडे जळजळीत नजरेने बघत होती, पण मी आयुष्यभर असल्याच अवघडलेल्या क्षणांवर पोट भरलंय. अध्यक्ष ओट्यावर बसून ऐकत होते.

"नि ह्यात," ते सुनेला म्हणाले, "या अभ्यासात, कालचा सगळा येनार? माजा नाव?"

"नाही. तो प्रयोग धरता येणार नाही. तुमचं नाव कुठेच येणार नाही."

"पेपरात?"

"नाही."

त्यांना हायसं वाटलं. आणि लगेच जरासं वाईटही वाटलं, ते मला स्पष्ट दिसलं. "कुठेच नाय?" त्यांनी पुन्हा विचारलं. ती नाही म्हणाली. मग त्यांनी माझ्याकडे पाहून हात हलवला. "लिवा तुम्ही शिफारस. सगळा तुम्हीच लिवता ना? मी सही करतो. पन हिने दर आयतवारी येऊन माजी मिरची बघायची."

शिफारस मी साध्या चार ओळींत लिहिली. एवढं छोटं मी आयुष्यात काही लिहिलं नव्हतं. मुदत मिळाली.

पुढचे काही महिने सून पुन्हा पहिल्यापासून लागली. बी पेरलं, रोपं वाढवली, अर्ध्यांना विषाणू चोळला. जाळीच्या मांडवाला कुलूप आलं. किल्ली कॉमर्सच्या सरांनी एकदा 'नुसतं बघायला' मागितली, ती मिळाली नाही. रविवारी ती उरणला जायची, मिरचीची पानं उलटी करून बघायची आणि पिशवीभर हिरव्या मिरच्या घेऊन यायची. आमच्या घरात त्या काळात इतका ठेचा झाला की तो द्यायला गेलो की शेजारी दार लावून घेऊ लागले. लांबच्या ओळी वाचल्या होत्या.

ताजी पानं खुडून ती प्रयोगशाळेत गेली, तेव्हा डबा धरायला मी बरोबर होतो. पानं वाटून गाळून त्यांचे हरितलवक वेगळे करायचे, बाहेरचा रस वेगळा. मग त्या रसात विषाणूच्या आवरणाचं प्रथिन पकडून ओढायचं आणि त्याच्या हाताला धरून आणखी कोण बाहेर येतं ते बघायचं. शेवटी हे सगळं एका काळसर फिल्मवर उमटतं. दोन दिवस गेले. ती फिल्म घेऊन खिडकीशी आली. मी चष्मा लावला.

एक रेघ होती. आखूड, धूसर, पेन्सिलीने चुकून ओढल्यासारखी.

"हे ते लोखंडवालं प्रथिन," ती म्हणाली. "बाहेरच्या रसात, विषाणूच्या प्रथिनाला चिकटलेलं. आणि जरा वर बसलंय, बघा. जड असेल ते वर राहतं. म्हणजे अंगावरचा पत्ता अजून तसाच आहे. आत गेलेलंच नाही. दारातच धरलंय."

"म्हणजे तुझं बरोबर होतं!"

"असं दिसतंय."

मी तिचं अभिनंदन करायला तोंड उघडलं. वाक्य तयार होतं, लांबलचक होतं, त्यात निसर्ग होता आणि चिकाटी होती. तिने फिल्म पुन्हा उजेडाकडे धरली, डोळे बारीक केले, खाली एका कोपऱ्यात दिसणाऱ्या डागावर नख ठेवलं.

"हा डाग काय आहे ते कळत नाही," ती म्हणाली. "अजून एकदा करून बघायला हवं."

"मुदत आहे?"

"आहे."

मग मी वाक्य गिळलं आणि बर्फ आणायला गेलो.